बोळातली दीड फूट जागा

आणि दादा, "इतक्या वर्षांत पुन्हा आग लागली का?" असं जे तू परवा फोनवर म्हणालास, ते मला आजही पटलेलं नाही. तू फोन आपटलास म्हणून वाद मिटत नाही. तुझा आवाज चढला की तू फोन ठेवतोस, माझा चढला की माझे पैसे संपतात, अशी दहा वर्षं गेली आपली. म्हणून आता कागदावर. हा फाडलास तरी दुसरी प्रत कंपनीच्या लोखंडी कपाटात आहे, आणि ते कपाट कंपनीलाच उघडत नाही.

तर मी, आपल्या आईचा धाकटा मुलगा, वय अठ्ठावीस, शिक्षण सातवी नापास, धंदा भुयार खोदण्याचा, मुक्काम चौथ्या विहिरीवरची पत्र्याची खोली, असं लिहून ठेवतो की माझं डोकं ठिकाणावर आहे. हसलास ना? हस. दारू प्यायलेलो नाही, अंगात ताप नाही, मानेवर बसून कोणी लिहवून घेत नाही. आज सुट्टी आहे, भर दुपार आहे, पत्रा तापलाय, आणि मी जे लिहितोय ते राजीखुशीने लिहितोय. खुशी हा शब्द छापील कागदावर असतो म्हणून लिहिला.

ही वेळ का आली ते आधी सांगतो. आम्ही या शहराच्या पोटात सांडपाण्याचं भुयार खोदतो. खाली उतरायला जो सरळ गोल खड्डा असतो त्याला आम्ही विहीर म्हणतो. गेल्या महिन्यात आत पाणी घुसलं आणि दोन माणसं गेली. त्यानंतर कंपनीने प्रत्येकाला एक कागद दिला: मृत्यू झाल्यास वस्तू व रक्कम कोणाला द्यावी. खाली तीन ओळी. बाकीच्यांनी तीन ओळींत उरकलं. पंपवाल्याने तर एका शब्दात: बायको. मला तीन ओळी पुरेनात. मुकादमाकडे कोरे कागद मागितले तर म्हणाला, "तुझ्याकडे एवढं वाटायला आहे तरी काय, राज्य?"

म्हटलं, दीड फूट जागा आहे.

एक. घर. आईने केलेल्या वाटणीपत्राप्रमाणे मागचं स्वयंपाकघर, मोरी आणि माळा तुझा. बोळाकडची मधली खोली माझी. वाटणीपत्र वाचलं तेव्हा तू म्हणाला होतास, "पळून जाणाऱ्याला बोळाकडची खोली आणि राहणाऱ्याला मोरी." मलाही तेव्हा काही कळलं नाही, वाटलं धाकट्याचा लाड केला. आता कळतं. मला मागची बाजू दिली असती तर माझ्या सहीसाठी कोणाचं काही अडलं नसतं.

आता अडलंय. लाकूडवाल्याला माझी खोली भाड्याने हवी, आणि खोलीपुढची मोकळी जागा फुकटात हवी, जिथे आपली पाडलेली पुढची खोली होती. तिथे तो भिंत घालून फळ्या रचणार. नगरपालिका बघत नाही, मामा राहिला नाही, येत्या पाच तारखेला तुला कागद करायचाय आणि माझी सही तेवढी बाकी आहे. दादा, लाकडं रे! त्या बोळात, लाकडं!

या खोलीचं काय करायचं ते पुढे सातव्या कलमात लिहिलं आहे. आधी का, ते. कारण तुझी ठकी मोठी होईल, तिच्या हाती कधीतरी हा कागद पडेल, आणि तोवर तिच्या बापाने तिला फक्त स्वतःची बाजू सांगितलेली असेल.

दोन. मामा. हा माझ्या मालकीचा नाही, तरी त्याची नोंद माझ्या कागदात असावी, कारण दुसऱ्या कोणाच्या कागदात ती होईलसं वाटत नाही.

ठके, मामा म्हणजे तुझ्या आजीचा धाकटा भाऊ. नगरपालिकेत नगररचनाकार होता, म्हणजे रस्ता कुठून जाईल, गटार कुठे वळेल, घर किती मागे सरकेल हे ठरवणारा. तुझे आजोबा गेल्यावर आमच्या वह्या, चपला, दवाखाना सगळं त्यानेच पाहिलं. त्याला स्वतःचं घर नव्हतं. दोन भाड्याच्या खोल्या, एक मामी, आणि एक गाव. गावावर त्याचा जीव असा की रस्त्यातला खड्डा दिसला की हा माणूस घरी येऊन जेवायचा नाही. नळ कोपऱ्यावर होता तो त्याने वीस पावलं आत नेला, तेव्हापासून पाणी भरणाऱ्या बायकांना गाड्यांचे धक्के बसेनासे झाले. दवाखान्याच्या पायऱ्या काढून उतार केला. चौकातल्या चार दुकानांचे कोपरे तिरके छाटले, तेव्हा दुकानदारांनी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. आता त्याच तिरक्या भिंतींवर पाट्या लावायचं भाडं खातात.

मी नऊ वर्षांचा असताना खालच्या आळीत, म्हणजे आपल्या बोळाच्या बंद टोकाला, गादीवाल्याच्या कापसाने पेट घेतला. भर दुपारी. बंब दहा मिनिटांत आला आणि बोळाच्या तोंडाशी उभा राहिला. आत येईना. पाच ठिकाणी बोळ चिंचोळा होता, सगळ्यात जास्त आपल्या पुढच्या खोलीपाशी, कारण ती खोली तुझ्या आजोबांनी बोळात पुढे काढून बांधली होती. बंबाची नळी चाळीस पावलं कमी पडली. मामी तिथे मुलींना शिवण शिकवायची. मामी आणि चार मुली. मामा बोळाच्या तोंडाशी बंबाला खांदा लावून ढकलत होता. आपला मामा, पन्नास किलोचा माणूस, बंब ढकलत होता, जणू नेट लावला तर बंब बारीक होईल.

चौथ्या दिवशी तो बंबाच्या ठाण्यावर गेला, बंबाची रुंदी मोजली आणि तेवढ्याच लांबीची एक काठी कापून घेतली. दोन्ही टोकांना लाल चिंध्या बांधल्या. ती काठी छातीशी आडवी धरून गावातल्या एकेका बोळातून चालायचा. काठी अडली की तिथे खडूने फुली. लोकांना वाटलं, बायको गेली आणि डोकंही गेलं. बाजारात चहावाला ओरडायचा, "साहेब, काठी उभी धरा की जरा! गिऱ्हाईक वाकून वाकून मेलं!"

"उभी धरून काय कळणार? माणसं उभी जातात. बंब आडवा असतो."

आठ वर्षं. रस्त्यावर पोरं "काठी आली, काठी आली" करत मागे लागायची. कचेरीत वरचे लोक फाइल दाबून ठेवायचे, हा पुन्हा नवीन फाइल करायचा. आठ वर्षांनी आपल्या बोळाचा नकाशा मंजूर झाला. पाच फुल्या, पाच घरं. चार घरवाले एका सुरात म्हणाले, आधी बहिणीचं पाडा, मग आमच्या दारात या.

त्या दिवशी मी घरात होतो. आई भाजी निवडत होती.

मामा म्हणाला, "ताई, पुढची खोली लागेल."

"किती?"

"सगळी."

"थोरल्याचं सायकलचं दुकान आहे तिथे."

"माहीत आहे."

आईने एक जुडी निवडून संपवली. मग म्हणाली, "चहा घेणार की तसाच जाणार?"

दादा, तुझं नुकसान झालं, हे मी इथे लिहून मान्य करतो. खोटं कशाला बोलू? दोन वर्षं राबून उभं केलेलं दुकान तू स्वतःच्या हाताने मोकळं केलंस, आणि तेव्हापासून चौकात ताडपत्रीखाली पंक्चर काढतोस. "जग सुधारायला निघाला आणि घरचं उसवून गेला," असं तू मामाबद्दल म्हणायचास, त्यात अर्धं खरं होतं. पण आपली भिंत पडली तेव्हाच बाकीच्या चौघांची तोंडं बंद झाली आणि बोळ उघडला.

आता जे लिहितो ते तुला माहीत नाही. मला मामाच्या मदतनिसाने पुढे सांगितलं, मी शपथेवर लिहितो. बाकीच्या चार घरांपाशी मामाने काठीएवढी जागा घेतली आणि वर दीड फूट. "काठी बंबाची, दीड फूट पळणाऱ्या माणसाचं," असं त्याचं गणित. आपल्या घरापाशी त्याने दीड फूट घेतलं नाही. काठी म्हणजे काठी, वर बोटभरही नाही. कारण तेवढं घेतलं असतं तर मधल्या खोलीची भिंत जात होती, भिंतीवर माळ्याची तुळई होती, आणि आईला डोकं टेकायला जागा उरत नव्हती. नोकरीच्या तीस वर्षांत त्याने केलेली ही एकच वशिलेबाजी. आईलाही बोलला नाही.

वर्षभराने नगरपालिकेने नवा बंब आणला. जुन्यापेक्षा लांब, उंच आणि रुंद. मी तेव्हा ठाण्यावर बंब धुवायच्या कामाला होतो. माझी ती सहावी नोकरी. माझ्या पायाला भिंगरी आहे असं आई म्हणायची ते खरंच आहे. नवा बंब बोळातून शेवटपर्यंत नेऊन दाखवायचा ठरलं. आख्खी आळी बाहेर. चालकाशेजारी मी बसलेला, ऐटीत. मामा पुढे उलटा चालत हाताने "या, या" करतोय. आयुष्यात त्याला इतकं हसताना मी तेव्हाच पाहिलं. पहिलं घर गेलं, दुसरं, तिसरं, चौथं गेलं. दीड दीड फूट होतं ना तिथे. पाचव्याला बंबाची कूस आपल्या भिंतीला खरवडली आणि गाडी थांबली.

गादीवाला ओरडला, "आलं बघा बहिणीचं घर!"

सगळे हसले. आणि मी, ज्याने त्याच्या पैशाच्या चपला घातल्या होत्या, मी वरून ओरडलो, "मामा, काठीच आखूड होती, की बहिणीपाशी हात आखडला?"

आणखी हसले. मला तेच हवं होतं. तुझं दुकान, आईची खोली, सगळ्याचा राग एका वाक्यात निघाला आणि वर टाळ्याही मिळाल्या. मामा चिडला नाही. तो बंब आणि भिंत यांच्यामध्ये हात घालून काहीतरी चाचपत होता. मग म्हणाला, "दीड फूट." कोणाला म्हणाला कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो घरी आला आणि मधल्या खोलीत फरशीवर खिळ्याने या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढली. आई म्हणाली, "घे." तू म्हणालास, "एकदा दिलं तेवढं पुष्कळ झालं, आम्ही काय गावाला वाहिलेलो आहोत का?" तुझं नवीन लग्न झालेलं, तुझंही बरोबर होतं. पण मी काय केलं? मी म्हणालो, "आता स्वतःचं घर पाडा की." भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या माणसाला.

त्याला नोटीस काढता आली असती. त्याने काढली नाही. आठ दिवसांनी मी गाव सोडलं. वहिनीने मला नंतर फोनवर सांगितलं की तो शेवटपर्यंत दर रविवारी यायचा, आणि त्या खोलीत बसायचा तर नेहमी रेघेच्या आतल्या बाजूला. खुर्ची पुढे सरकवली तर मागे घ्यायचा. बाहेरची दीड फूट त्याच्या लेखी गावाची होती. आई गेली त्या दिवशीही तसाच आत सरकून बसला होता म्हणे.

आणि यंदा तुझा फोन आला: "मामा गेला. सगळं उरकलं. तू उगाच धावपळ करू नकोस." दादा, ही माझी तुझ्यावरची सगळ्यात जुनी नाही, पण सगळ्यात मोठी तक्रार. तो जातोय हे मला एक दिवस आधी कळवता आलं असतं. मला त्याच्याशी एक वाक्य बोलायचं होतं.

तीन. पंप. हे कलम कंपनीच्या कपाटातल्या प्रतीत नाही. फक्त घरच्या प्रतीत आहे.

भुयारात दर काही अंतरावर आडवी वाट असते, माणूस जखमी झाला तर त्याला विहिरीपर्यंत न्यायला. त्या वाटेच्या वळणावर बिघडलेला एक पंप चार दिवस पडून होता. पंपवाला म्हणाला होता, "वर न्यायला क्रेन रिकामी नाही, राहू दे दोन दिवस." मी रोज त्याला वळसा घालून जायचो. तिसऱ्या दिवशी एक नवीन माणूस म्हणाला, "हा इथे अडचण करेल." त्यावर मी काय म्हणालो असेन? "आजवर कधी काही झालंय का?"

पाणी आलं तेव्हा दोघे जिवंत होते. एकाचा पाय अडकून मोडला होता, दुसरा बेशुद्ध. स्ट्रेचर वळणावर पंपाला अडलं. तिरकं केलं, उभं केलं, माणूस घसरायला लागला म्हणून पुन्हा आडवं केलं. पंप ढकलायला आम्ही चौघं लागलो, हलेना. पाणी गुडघ्याला, मग कमरेला, मग छातीला आलं. पाय मोडलेला माणूस मला म्हणत होता, "ढकल की, ढकल की भावा, थोडंच राहिलंय." खरंच थोडंच राहिलं होतं. मग आम्हाला त्यांना सोडून यावं लागलं.

मी पंपाला खांदा लावून ढकलत होतो तेव्हा मला मामा दिसला. आता मला ठाऊक आहे की लोखंडाला खांदा लावून माणूस का ढकलतो.

चौकशीला साहेब आले, त्यांनी लिहिलं, नैसर्गिक कारण. आम्ही सगळ्यांनी खाली सह्या केल्या. माझीही आहे. म्हणून, दादा, माझ्या सहीची किंमत मला माहीत आहे, ती लाकूडवाल्याला मिळणार नाही.

चार. मामाची ट्रंक. माळ्यावर आहे, माळा तुझा असला तरी ट्रंक मामाने माझ्या नावावर ठेवली होती, हे तूच सांगितलंस. त्यातले नकाशे रद्दीत घालू नकोस. ते बंबाच्या ठाण्यावर थोरल्या चालकाला द्यायचे. मामाच्या नकाशात कुठल्या बोळातून किती रुंद गाडी जाते ते लिहिलेलं आहे आणि त्याला ते उपयोगी पडेल. काठी तुम्ही कपडे वाळत घालायला वापरता असं कळलं. वापरा. मामाला आवडलं असतं. फक्त कापू नका.

पाच. हत्यारं. माझा ओळंबा आणि पाणसळ माझ्या खोलीतल्या क्रेनवाल्याला. बूट पंपवाल्याला, त्याचे फाटलेत आणि माप एकच आहे. तो घ्यायला लाजेल. त्याला सांगावं की पंप त्याने ठेवला तसा मीही ठेवला, बूट घाल. टॉर्च ठकीला. तिला अंधाराची भीती वाटते हे मला तिने सांगितलंय, तुला सांगितलेलं नाही.

सहा. किरकोळ. शाळेच्या मास्तरांना माझं सातवीचं गुणपत्रक; "तुझ्या हातून दोन ओळी धड लिहून होणार नाहीत" असं म्हणाले होते, त्यांनी हे कागद मोजावेत. गादीवाल्यावर माझा राग नाही, त्या आगीत त्याचीही मुलगी होती, आणि हसणाऱ्यांत तो पहिला का होता ते मला आता उमगतं. लाकूडवाल्याला काही नाही. माझ्या देहाचं, सापडला तर, इथेच काय ते करावं. गावी आणण्यात पैसे घालवू नयेत.

सात. पुन्हा घर. माझ्या पश्चात मधल्या खोलीतली, फरशीवरच्या रेघेपासून बोळाकडची दीड फूट जागा, भिंतीसकट, मी बोळाला देतो. नगरपालिकेला म्हणावं तर तिने उद्या तिथे टपरी दिली तर? म्हणून बोळाला. वकील म्हणेल, बोळाच्या नावाने जागा होत नाही; तर वकिलाने त्याच्या भाषेत लिहावं, पण तिथे कोणी काही बांधू नये, ठेवू नये, रचू नये, दोन दिवसांसाठी म्हणूनसुद्धा नाही. पुढची मोकळी जागा तर आईने कधीच दिलेली आहे, ती तुझी नाही आणि माझीही नाही.

रेघेच्या आतली उरलेली खोली, दादा, तुझी. हक्काने, कायमची. साडेसात फूट रुंद भरते, मी वहिनीला मोजायला लावलं होतं, का ते तिला सांगितलं नव्हतं. साडेसात फुटांत सायकलचं दुकान बसतं. बोळ मोकळा राहिला तर गिऱ्हाईक आतपर्यंत येईल. दहा वर्षं उन्हात बसलास, आता सावलीत बस. हे मी उपकार म्हणून देत नाही. तुझं दुकान पडलं तेव्हा मी तुझ्या बाजूने ओरडलो, पण एक वीट उचलायला थांबलो नाही.

हे सगळं अमलात आणायचं काम मी वहिनीकडे सोपवतो, तुझ्याकडे नाही. रागावू नकोस. तुझं मन मोठं आहे, पण ते लाकूडवाल्याच्या चहावर विरघळतं.

आठ. इथपर्यंत लिहून झाल्यावर मी हे क्रेनवाल्याला वाचून दाखवलं, साक्षीला तोच आहे म्हणून. तो खाटेवर पडून ऐकत होता. सगळं ऐकून म्हणाला, "म्हणजे तू मेल्यावर ती भिंत पडणार?"

"मृत्युपत्र तसंच असतं."

"आणि नाही मेलास तर?"

"म्हणजे?"

"म्हणजे म्हातारा होऊन, दात पडून, सत्तराव्या वर्षी मेलास तर? तोवर बंब काय बोळाच्या तोंडाशी उभा राहून तुझी वाट बघणार?"

मी म्हटलं, गप झोप. तो गप झोपला. मी सातवं कलम पुन्हा वाचलं.

दादा, तो बरोबर आहे. मीसुद्धा मामासारखंच केलं. बाकी सगळ्यांना सोडलं नाही आणि आपल्या माणसापाशी हात आखडला. भिंत पाडायची, पण मी मेल्यावर. म्हणजे तुझ्याशी भांडायला मी नसेन. चार दिवस पंपाला वळसा घालणारा माणूस असंच मृत्युपत्र लिहिणार.

म्हणून सातवं कलम मी माझ्या मरणावर ठेवत नाही. आजपासून लागू. भिंत येत्या पाच तारखेच्या आत पाडायची. लाकूडवाल्याला कागद घेऊन येऊ दे, त्याला विटा उचलायला लाव. आधी माळ्याच्या तुळईखाली दोन लोखंडी खांब द्यायचे, मग वरून खाली एकेक थर काढायचा, घण घालायचा नाही, नाहीतर माळा वहिनीच्या डोक्यावर येईल. नवी भिंत रेघेच्या आत, रेघेवर नाही. दुकानाला पुढे सरकतं दार कर, बाहेर उघडणारं नको, पायरीही नको. ठकीची आणि वहिनीची काम होईपर्यंत बाहेर राहायची सोय कर. झालं की ठाण्यावर जाऊन थोरल्या चालकाला सांग, नवा बंब घेऊन ये म्हणावं, आणि तो खालच्या आळीत गादीवाल्याच्या दारापर्यंत गेला की मला फोन कर. तू बोलू नकोस, नुसता फोन धर. मला ऐकू येईल.

क्रेनवाला उद्या रजेवर निघतोय, त्याची गाडी आपल्या गावावरून जाते. हा कागद आणि सोबतची पिशवी तो तुझ्या नाही, वहिनीच्या हातात देईल. गवंडी, दोन मजूर, खांब, सिमेंट, दार आणि महिनाभराचं भाडं असा हिशोब त्याच्याबरोबर बसून केला आहे; कमी पडलं तर कळव, उरलं तर दुकानात पंप घे. हवेचा.

मी हे स्वतः लिहिलं, वाचलं, समजलं. दोघांच्या समोर सही केली.

साक्षीदार पहिला: क्रेनवाला. (सही)
साक्षीदार दुसरा: पंपवाला. (डाव्या हाताचा अंगठा. सही येते, पण अंगठाच देतो म्हणाला.)

लिहून देणार: तुझा धाकटा भाऊ. (सही)

ठिकाण: चौथ्या विहिरीवरची पत्र्याची खोली
तारीख: चालू महिन्याची सव्वीस, रविवार

वहिनीकडे पाठवलेली रक्कम: एक्केचाळीस हजार सहाशे.